लीड माझ्याकडे होती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. देवासमोर हात जोडते तेव्हासुद्धा भलतंच काहीतरी मागून येते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच असेल.

मी बचाटा शिकवते. पुण्यात, शनिवारी संध्याकाळी. दोघांचा नाच — एकाने न्यायचं, दुसऱ्याने जायचं. नेणाऱ्याला लीड म्हणतात. नव्या मुलांना मी तोंड वर करून सांगते, की हा नाच समुद्रापलीकडच्या एका बेटावर गरिबांच्या अंगणात जन्मला, तिथले घरंदाज लोक त्याला नाकं मुरडायचे, ज्यांना आवडे ते चोरून ऐकत. मुलं हळहळतात. आणि मी? मी काय वेगळं केलं होतं?

तेव्हा आम्ही जामसंड्याला राहायचो. आमच्या वाडीतला गुरुनाथ जहाजावरची नोकरी सोडून घरी आला. जहाजाच्या भटारखान्यात, त्या बेटावरच्याच एका माणसाकडून तो हे शिकला होता. कुणकेश्वरच्या वाटेवरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये तो शिकवू लागला. मुलगे लाजून पळाले. मी उंच, म्हणून लीड माझ्याकडे आली. माझी जोडीदार दर्शना, शाळेपासूनची मैत्रीण. ती घरी भांडून, सांगून यायची. मी मात्र कॉम्प्युटर क्लासच्या नावाखाली — माझ्या लग्नाची बोलणी चालली होती ना!

गुरुनाथ एक गोष्ट पुन्हापुन्हा बजावायचा. मागे झुकणारी डोळे मिटून झुकते. पडली तर चूक लीडची, तिची कधीच नाही.

त्या संध्याकाळी दर्शना झुकली होती. डोळे मिटलेले, सगळा भार माझ्या हातावर. माझी नजर दाराकडे गेली — मोठे काका! हॉटेलला आंब्याच्या पेट्या द्यायला आलेले.

कसं सांगू? हात निसटला, असं मी स्वतःलाच किती वर्षं सांगून पाहिलं. निसटला नाही हो. मी काढून घेतला.

ती फरशीवर पडली, उजव्या कोपरावर. तो आवाज — जाऊ दे.

"तू हंय काय करतंस?" काका ओरडले.

उचलली जीभ, लावली टाळ्याला. "हिका न्हेवक इलंय, काकानू. पाय घसरलो तिचो."

दर्शनाने माझ्याकडे पाहिलं. ओठ पांढरेफटक पडले होते तिचे. म्हणाली, "होय काकानू. माझोच पाय घसरलो."

का म्हणाली? माझं लग्न मोडू नये म्हणून. हे मला तिथेच, त्याच क्षणी कळलं होतं. आणि मी गप्प बसले.

मग गावभर झालं — नाचणारी ती, तिला आणायला गेलेली, हॉस्पिटलात पोचवणारी शहाणी मी. तिचा नाच तिच्या घरच्यांनी बंद केला. माझं लग्न थाटात लागलं. त्या पंगतीत ती डाव्या हाताने वाढत होती. मी खाली मान घालून जेवले. माती खाल्ली म्हणा.

आता क्लासमध्ये कुणी माझ्या हातावर भार टाकला की मी पाठीखाली दुसराही हात लावते. मुली म्हणतात, "मॅडम, तुमच्या हातात भीतीच वाटत नाही." मला शरमेने तिथून पळून जावंसं वाटतं. पळत मात्र नाही. पुढचं गाणं लावते.

गेल्या शिवरात्रीला, कुणकेश्वरच्या जत्रेत, दर्शना समोर आली. कोपर अजून वाकडंच. सोबत तिची मुलगी, शाळकरी. मला वाटलं, आता ती तोंड फिरवेल. फिरवलं असतं तर बरं झालं असतं. तिने मुलीला पुढे केलं. "हीच गो ती मावशी. मी पडलंय तेव्हा हिनाच माका हॉस्पिटलात न्हेल्यान. पाया पड."

म्हणजे घरातही, स्वतःच्या पोरीलाही, तिने खरं सांगितलं नव्हतं.

मुलगी वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि आशीर्वाद दिला.