हौदाच्या झाकणावर दोन आणि एक

भुतंखेतं, करणी, बाहेरची बाधा... असलं कोणी बोलायला लागलं की मी आधी विचारणार, "वायरिंग बघितलं का? पत्रा ढिला असंल." माझा स्वभावच तसा. मालक गेल्यापासून वीस वर्षं भाड्याच्या खोल्या सांभाळतेय, भिंतीत कुठं पाणी मुरतंय हे मला वासावरून कळतं. आपल्या या घरमालकांच्या ग्रुपवर मी नेहमी करारनामा, भाडेकरूची पोलिसांत नोंद, मीटरचा फोटो असलंच लिहिते. आजही सल्लाच द्यायचाय, पण तो मला कसा कळला ते आधी ऐका.

घर बीडमध्ये, बस स्टँडपासून चालत पंधरा मिनिटांवर. खाली चार खोल्या, मधे अंगण, अंगणात जमिनीखाली हौद. वरच्या मजल्यावर मी. आमच्याकडं नळ कधी येईल ते देवालाच ठाऊक. कधी आठ दिवसांनी, कधी पंधरा. वेळही ठरलेली नाही. म्हणून हौदाला मी कधी कुलूप लावलंच नाही. नळ आला की जो घरात असेल त्यानं झाकण सरकवायचं आणि पाईप सोडायचा. किल्लीसाठी मला शोधत बसलं तर पाणी गेलंच म्हणून समजा.

नळाची वर्दी द्यायचं काम अक्कांचं. अक्का म्हणजे पहिल्या खोलीतल्या माझ्या सगळ्यात जुन्या भाडेकरू, बारा वर्षं राहिल्या. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, डाव्या हाताच्या बोटात चांदीचं जाड वळं. दिवसभर हौदाच्या पत्र्याच्या झाकणावर बसून असायच्या. नळात नुसती हवा फुसफुसली की यांना कळायचं. मग वळ्यानं झाकणावर वाजवायच्या – टण टण... टण. दोन आणि एक. सगळे पाईप घेऊन पळत यायचे.

त्यांचं एकच पालुपद. "मालकीणबाई, झाकनाला कुलूप लावा. लेकराबाळाचं घर हाय."

"अक्का, तुमी बसता की त्याच्यावर! तुमच्याहून भारी कुलूप कुठलं?"

"मी काय जलमभर बसून ऱ्हानार हाय व्हय?"

नाही राहिल्या. अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. लेक महानंदा येऊन त्यांना आष्टीला घेऊन गेली.

त्यांच्या खोलीत सविता आली. वडवणीची पोरगी, नवरा मोबाईलच्या दुकानात कामाला, तीन वर्षांची ओवी. पुढचा नळ आला तेव्हा खालून आवाज आला – टण टण... टण. मी खाली गेले तर सविता पाईप सोडत होती. म्हटलं, हुशार आहे, लगेच शिकली. असं चार-पाच पाळ्या चाललं. एकदा सहज विचारलं, "तुला हे वाजवायचं कुणी शिकवलं गं?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. "काकू, तुमीच वाजविता ना? मला वाटलं, हितली पद्धत हाय."

हौदात पाणी पडत होतं. झाकणाकडं बघायची हिंमत दोघींपैकी एकीलाही होईना.

पुढच्या वेळेला पाणी यायच्या बेताला मी जिन्यात ठाण मांडलं. तिसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या उन्हात, माझ्या डोळ्यांदेखत झाकण वाजलं. आसपास कोणी नाही. पत्र्यावरची धूळ मात्र उडत होती, एकाच जागी. मिनिटभरात नळ फुसफुसला.

मला भुतापेक्षा गल्लीची भीती जास्त. "त्या घरात काहीतरी हाय" एवढं एक वाक्य बाहेर गेलं की खोल्या ओस पडल्या, आणि माझी चूल त्या खोल्यांवरच. सविताला म्हटलं, "कुणाला बोलू नको, माय." आणि मी एक शहाणपणा केला. पत्र्याचं झाकण काढून गच्चीवर टाकलं आणि हौदावर प्लायवूडची फळी ठेवली. लाकूड कसं वाजेल?

सुतार म्हणाला, "काकू, लई हलकी पडंल ही. लेकरू बी सरकवंल."

"राहू दे. मला आवाज नको."

आवाज खरंच बंद झाला. दोन पाळ्या नळ मुकाट आला, मुकाट गेला. मी निवांत.

मग तो गुरुवार. आदल्याच दिवशी नळ येऊन गेलेला, हौद काठोकाठ. दुपारचे साडेबारा. मी वर बाजरी निवडत होते, आणि अंगणातून पत्रा वाजायला लागला. गच्चीवरून नाही... अंगणातून. दोन आणि एक नाही, नुसतं टण टण टण टण, दम न घेता. मी स्वतःला बजावलं, नळ कालच येऊन गेलाय, उठायचं नाही. खोटं कशाला बोलू? मी आणखी दोन खडे वेचले.

मग आवाज एकदम थांबला. त्या थांबण्यानंच मी बाजरी टाकून उठले.

पायऱ्या कशा उतरले आठवत नाही. फळी तिरकी झालेली. ओवी काठावर पालथी, दोन्ही पाय पाण्यात, हातानं फळीची कड धरलेली, आणि फळी तिच्याबरोबर सरकत होती. पोर रडतसुद्धा नव्हती. मी फ्रॉकला धरून ओढली. सविता मागं कपडे वाळत घालत होती. तिनं ना आवाज ऐकला, ना पोरगी गेलेली कळली.

संध्याकाळी आष्टीला फोन लावला, सहज तब्येत विचारायला म्हणून. घडलेलं काही सांगितलं नाही.

"काकू, आईनं आज कहर केला बगा," महानंदा म्हणाली. "दुपारी खाटंच्या लोखंडी दांडीवर हात आपटायला लागली. धरूस्तोवर वळं चेपलं, बोटातून रगत आलं. आन मंग आपसूकच थांबली."

"किती वाजता गं?"

"मी भाकरी टाकीत होते... साडेबारा असतील. कावून इचारता?"

"सहज गं," म्हणून मी फोन ठेवला.

दुसऱ्याच दिवशी लोखंडी झाकण बसवलं, कडी-कुलूप लावलं, आणि किल्ली अंगणातच, मोठ्या माणसाच्या हाताला येईल एवढ्या उंच खिळ्याला अडकवली. एवढं सोपं होतं ते. बारा वर्षं सुचलं नाही.

त्यानंतर एसटीनं आष्टीला गेले. अक्कांनी ओळखलं नाही, नजर छताला. डावा हात हातात घेऊन कानाशी म्हटलं, "अक्का, कुलूप लावलं."

मग माझ्या तळव्यावर बोट हललं. दोनदा... आणि एकदा.

मी तिथूनच सविताला फोन केला. "नळ आलाय का गं?"

"आत्ताच हवा सुटली, काकू. पर तुमी तर आष्टीत ना?"

मी अक्कांचा हात खाली ठेवला. माझा तळवा ओला झाला होता. महानंदाला दाखवला तर ती म्हणाली, सकाळपासून आईच्या हाताला पाणी लागलेलं नाही.

मला याचा अर्थ अजून लागलेला नाही, आणि आता वायरिंग बघा म्हणायलाही जीभ रेटत नाही. तुमच्यापैकी कुणाला उलगडलं तर सांगा. पण उलगडा होईल तेव्हा होईल... हौदाला कुलूप आजच लावा.