गावपळणीतलं पुस्तक

पेजेचं पाणी चुलीवर चढलं होतं आणि किशोरी होम-स्टेच्या खोल्यांतल्या चादरी पिळत होती, तेवढ्यात दाराची कडी वाजली. पाहुणे असले तर नाही म्हणून सांगायचं, असं ठरवूनच तिनं दार उघडलं. बाहेर शेजारची अक्षया होती.

"वयनी, कुडाळच्या बाजारात तुझो भाव भेटलो. घर साफ करताना ह्या गावला म्हणान धाडल्यान."

पिशवीत पुस्तक होतं. कोपरा वाळवीनं खाल्लेला, कव्हरावर अंतराळयान, आणि काचेला नाक लावून उभी असलेली मुलगी. वालावलला माहेरी असताना किशोरीनं ते इतक्यांदा वाचलं, की आईनं शेवटी तांदळाच्या डब्यात दडवून ठेवलं होतं. पृथ्वी राहण्याजोगी उरत नाही, सगळी माणसं यानात बसून दूरच्या ग्रहाकडे निघतात, आणि इरा नावाची मुलगी खिडकीशी बसून ते बघते. तेव्हा किशोरीला इरा व्हायचं होतं.

"आता खंय वाचूचा? सांजेक निघूचा आसा," ती म्हणाली.

"म्हणानच आणलंय. तीन दिस थंय काम काय आसता?"

गावपळण होती. देवाचा कौल झाला की अख्खं गाव गुरं-कोंबड्यांसकट शिवेबाहेर जातं, आणि परतायचा कौल मिळेपर्यंत कुणी आत पाऊल टाकत नाही. होम-स्टेला कुलूप, पाहुणे नाहीत, मासे साफ करणं नाही. किशोरीनं पुस्तक कपड्यांच्या बोचक्यात खुपसलं.

पण माळावर झावळ्यांची झोपडी उभी राहिली, तेव्हा लक्षात आलं, वाचायचा चष्मा घरी फळीवरच राहिलाय. घराचं कौलारू छप्पर झोपडीतून दिसत होतं, पण जायचं कसं? शेवटी तिनं सासूचा, चंद्रावतीबाईंचा, चष्मा मागून घेतला. बाईंना तो तांदूळ निवडायला लागे, त्यामुळे वाचन तुकड्या-तुकड्यांनी. त्यातही तीन दगडांची चूल सारखी पेटती. पत्ते कुटणाऱ्यांना चहा, भजनाला बसणाऱ्यांना चहा, भेटीला आलेल्या नातलगांना पोहे. इरा आकाशगंगा बघत असे आणि किशोरीचे डोळे त्याच ओळीवर मिटत. पूर्वी ज्या पानांवर छाती धडधडायची, तिथं आता तिला वाटे, एवढ्या माणसांच्या चादरी यानात कोण धूत असेल?

दुसऱ्या दिवशी चंद्रावतीबाई जवळ सरकल्या. "काय गो, इतक्या काय वाचतंस?"

"सगळी माणसां पृथ्वी सोडून जातत."

"म्हणजे गावपळणच."

"पण परत येनत नाय."

"अरे देवा! आणि थंय रांधता कोण?"

किशोरी हसली. मग खरंच मागची पानं चाळायला लागली. इराला आई होती, हे ती विसरूनच गेली होती. "आवशीन ताटां वाढल्यान. इतक्याच लिवलेला आसा."

"बघ! आभाळात गेली तरी आवसच," म्हातारी म्हणाली, आणि तांदूळ तसेच ठेवून, चष्मा न मागताच उठली.

सांजेपर्यंत किशोरी शेवटाजवळ पोचली. यान नव्या ग्रहावर उतरणार होतं. इरा उतरते, एवढं आठवत होतं. आईचं काय होतं ते मात्र काही केल्या आठवेना. लहानपणी तिकडे लक्षच गेलं नसणार. उद्या संध्याकाळी परतायचा कौल लागायचा होता. परवापासून खोल्या भरलेल्या, नाताळ संपेपर्यंत. आज-उद्यात वाचलं नाही तर हे पुस्तक फळीवर जाणार आणि तिथंच राहणार, हे तिला पक्कं माहीत होतं.

एवढ्यात तिचा नवरा मंगेश पत्त्यांचा डाव टाकून आला. "किशोरी, उद्या देवगडचे दोस्त येतत माझे. धा-बारा जणां आसतीत. दुपारी वडे-सागोती कर."

"वयनीच्या हातचा खाऊक येतत ते," मागून कुणीतरी ओरडलं. "नायतर तुझा त्वांड कोण बघूक येता, मंगेशा!"

सगळे हसले. मंगेशही हसला. किशोरीला राग आला नाही. राग यायलाही अंगात थोडं त्राण लागतं. वडे म्हणजे पहाटे पीठ मळायचं, सागोती म्हणजे कोंबडीच्या रश्शाला वाटपाचं खोबरं भाजायचं, आणि दुपार गेलीच. तिनं पानात बोट ठेवलं आणि सासूचा चष्मा डोळ्यांवर तसाच ठेवून नवऱ्याकडे बघितलं.

"अहो, उद्या दुपारचा रांधाप तुमी करा. माका ह्या पुस्तक वाचून पुरा करूचा आसा."