ओटीच्या तांदळाचा भाव

मला पाहायला दिघोरीहून पाहुणे आले, त्या दिवशी आमच्या तुमसरच्या घरात माझ्याबद्दल कोणी एक शब्द बोललं असेल तर शपथ! सगळा वेळ भाव, लेव्ही आणि सरकार. मी नवं पातळ नेसून आतल्या दाराआड घामाघूम उभी, आणि बाहेर माझे बाबा नि त्या मुलाचे वडील देशाचा कारभार चालवून राहिलेले.

बाबांचं धान-तांदळाचं दुकान होतं. शेतकऱ्याकडून धान घ्यायचं, गिरणीत भरडून आणायचं, तांदूळ विकायचा. पाहुणे धान पिकवणारे. सत्तरीच्या दशकातले ते मधले दिवस. धानावर लेव्ही, म्हणजे ठरलेला वाटा सरकारला सरकारी भावात द्यायचाच; तांदूळ जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी, साखर नि रॉकेल रेशनवर. दोन माणसं भेटली की भावाचंच बोलणं निघायचं. पण पोरगी पाहायला आल्यावरही? आई चुलीपाशी पोहे परतत पुटपुटत होती, "या माणसाले काई समजत नाई व माय."

आणि मला तो मुलगा हवा होता. स्पष्टच सांगते, आता कोणाची भीती? मावसबहिणीच्या लग्नात तो पंगतीत वाढत होता. मी काही मागितलं नव्हतं, तरी वरणाची बादली घेऊन तो दुसऱ्यांदा माझ्यासमोर वाकला आणि कान लाल करून पुढे गेला. झालं! माझं तिथेच ठरलं. महिनाभरात मागणी त्यांच्याकडूनच आली. ती आता या बैठकीत मोडते की काय, या धास्तीनं माझा पाय एका जागी ठरत नव्हता.

"लोकांले बारीक तांदूळ पाहिजे," बाबा म्हणाले. "मागणी हाय तं भाव चढनच. सरकारनं मधात हात घालायचं कामच नाई."

"चढते ना!" मुलाचे वडील उसळले. "पण तुमच्या दुकानात चढते जी. माह्या खळ्यावर काहून नाई चढत? सरकारनं हात काढला तं तुमी आमची मानगूटच धरान. भाव सरकारनंच बांधावा, अन् चांगला वर बांधावा."

"वर बांधला तं गिरणीतला मजूर काय खाईन?"

"तुमाले मजुराची चिंता कवापासून लागली?"

"पण इकत घेऊन खाणाऱ्यालेबी कोणी इचारा ना," मुलगा हळूच बोलला. "तुमी दोघंबी चढवायच्याच गोष्टी करून राहिले."

दोघांनी एकदमच त्याला गप्प केलं. सकाळपासून त्यांचं एकमत झालं ते तेवढंच. मला दाराआड हसू फुटलं, आणि मग रागही आला. साखरेला सरकारचा भाव, रॉकेलला सरकारचा भाव, आणि माझं काय व्हायचं ते या दोन भांडखोरांच्या मर्जीवर!

त्यांच्या घरची एक रीत होती, ती आईनं मला आधीच सांगून ठेवली होती. पसंती तोंडानं कळवायची नाही. मुलाची आई घरच्या धानाचा, उखळात कांडलेला नवा तांदूळ बांधून आणणार. मुलगी मनात भरली असेल तर तिथेच तिची ओटी भरणार, नाहीतर गाठोडं पिशवीतून निघायचंच नाही. मला तर त्यांनी त्या लग्नातच पाहिलं होतं; आता गाठोडं निघतं की नाही, एवढंच बघायचं होतं.

मी फटीतून बघत होते. मुलाच्या आईनं पिशवीत हात घातला, गाठोडं काढलं, गाठ सोडली आणि मधोमध ठेवलं. "पुरे झालं जी आता. पोरीले बोलवा."

मी पदर सारखा केला. आणि नेमका तेव्हाच बाबांचा हात त्या तांदळात गेला. डोळे समोरच्या माणसावर, तोंडात वाद, आणि हात आपला जन्माच्या सवयीनं चाललेला. चिमूटभर तांदूळ तळहातावर घेतला, फुंकर मारली, एक दाणा दाताखाली फोडला.

"ओल हाय," बाबा म्हणाले. "कणीबी निघते. अशा मालाले कोण भाव देईन? सांगा तुमच्या सरकारले!"

मुलाचे वडील उठले. "हा माल नोहे," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, त्यानंच मी घाबरले. "ओटीचा तांदूळ होय. चला."

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. तोंडातला दाणा थुंकावा की गिळावा, तेही त्यांना कळेना. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि तितकीच कीवही आली. त्यांनी हात जोडले, पण मुलाचे वडील दाराकडे निघाले होते; त्याची आई अजून उघड्या गाठोड्यापाशीच बसली होती. मुलगाही जागचा हलला नव्हता. आई आणि बापाकडे आळीपाळीनं बघत तो बसून राहिला होता.

मग माझ्यानं राहवलं नाही. कोणी बोलावलं नसताना मी बाहेर गेले, त्याच्या आईसमोर खाली बसले आणि पदर पसरला.

"घाला जी," मी म्हणाले. "मी ओल पाहत नाई."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. त्यांचा एक पाय चपलेत होता, दुसरा उंबऱ्यावर.

"भाव तुमी दोघं जलमभर करत बसा," ती म्हणाली. "माही सून मले आजच पाहिजे."

तिनं दोन्ही हातांनी ओंजळ भरून तांदूळ माझ्या पदरात टाकला, आणि मी सगळ्यांदेखत, लाजबीज सोडून, मोठ्यानं रडले.