दहापैकी दोन गुण

बारामतीच्या एका खासगी दवाखान्यात मी अठरा वर्षं नर्स होते. मणक्यात गॅप पडला, पेशंट उचलणं जमेना, तेव्हा इंदापूरच्या एका संस्थेत शिकवायला लागले. रुग्णांची आणि म्हाताऱ्या माणसांची काळजी घेणाऱ्या मुली तिथं तयार करतात, असं बाहेरच्या फ्लेक्सवर लिहिलं होतं. आत तयार होत होत्या त्या वह्या.

प्राचार्यबाई रोज सकाळी खुर्चीत बसून नोट्स सांगायच्या आणि मुली लिहून घ्यायच्या. बाईंचं शिक्षण माझ्यापेक्षा जास्त, पण त्यांनी आयुष्यात कुणाचं बेडपॅन उचललं नसावं. पाठीवर जखम होऊ नये म्हणून स्पिरिटनं मालीश करावं आणि पावडर लावावी, असं त्या नोट्समध्ये होतं. मी म्हटलं, "मॅडम, हे आता कुणी करत नाही. उलट कातडी जाते त्यानं."

"परीक्षेत येतं ना? मग झालं तर."

मी हजेरीपट उचलून वर्गावर गेले. नवीन होते.

पहिल्या चाचणीत वरकुट्याच्या एका मुलीला या प्रश्नात दहापैकी दोन गुण मिळाले. तिनं लिहिलं होतं, 'एका अंगावर पडून पडून कातडी जाती. दर दोन तासाला मानूस वळवायचं. पावडर चोपडायची न्हाय.' बाईंनी 'मानूस'खाली लाल रेघ मारली होती. अख्ख्या वर्गात बरोबर उत्तर तेवढं एकच होतं. मी मुलीला विचारलं, हे कुठं शिकलीस. ती म्हणाली, "चुलता झाडावरनं पडला होता. दीड वर्ष मीच बघत हुते."

संस्थाचालकाबद्दल काय सांगावं. पांढरा कडक शर्ट, दोन फोन, आणि प्रत्येक भाषणात 'सेवा' हा शब्द. दिवाळीआधी एक दिवस त्यानं मला केबिनमध्ये बोलावलं. आवाज खाली आणून म्हणाला, "आईला लकवा हाय. गावी असती. पाठीला जरा लागलंय म्हणत्यात. तुमी येऊन बघितलं तर बरं."

'म्हणत्यात' या शब्दावरच मला कळलं की यानं स्वतः बघितलेलं नाही.

मी चार मुली सोबत घेतल्या, त्यात ती दोन गुणांची. प्राचार्यबाईही निघाल्या, मालकाच्या घरी जायची संधी त्या सोडणार नव्हत्या. घर मोठं, दारात दोन गाड्या, आणि म्हातारी मागच्या खोलीत, जिथं पूर्वी पेंडीची पोती ठेवायचे. दार उघडलं तसा वास आला. सुना उंबऱ्यावरच थांबल्या. चालकानं रुमाल नाकाला लावला. बाईंना अचानक फोन आला आणि त्या अंगणात गेल्या त्या गेल्याच.

मी चादर काढली. माकडहाडावर तळहाताएवढी जखम, आणि तिच्यावर पावडरचा पांढरा लगदा. अठरा वर्षांत वाईट जखमा खूप पाहिल्या होत्या. माणसांनी भरलेल्या घरात अशी जखम पाहिली नव्हती.

वाकायचा प्रयत्न केला तर कंबर धरली. ती मुलगी पुढं झाली. जखमेला हात लावायच्या आधी ती म्हातारीच्या तोंडाशी वाकली. "आज्जे, आता तुला कुशीवर वळवती. दुखलं तर सांग, मी थांबन."

म्हातारीनं डोळे उघडले. तोंड वाकडं झालं होतं, शब्द तुटक येत होते. "तू कुनाची गं?"

मुलीनं बापाचं नाव सांगितलं, वस्ती सांगितली. म्हातारी म्हणाली, "तुजी आजी आन् मी संगं खुरपायला जायचो." मग तासभर मुली तिला धूत होत्या, जखम सलाइनच्या पाण्यानं साफ करत होत्या, आणि म्हातारी मधूनमधून बोलत होती. उंबऱ्यावरची सून म्हणाली, "अगंबया, ह्यांना बोलता येतंय व्हय?"

मला तिचा संताप आला. मग लाजही वाटली, कारण वॉर्डात मी तरी काय करत होते? 'सात नंबरचं ड्रेसिंग झालं का' एवढंच विचारायचे. सात नंबरला आधी काही सांगावं, असं मला फारसं कधी सुचलं नव्हतं.

खोली स्वच्छ झाल्यावर चालकानं रुमाल खिशात घातला आणि फोन काढला. "मॅडम, मुलींना आईच्या बाजूला उभं करा. संस्थेच्या पेजवर टाकू."

"आधी आईंना विचारा," मी म्हटलं.

तो हसला. मी हसले नाही, तेव्हा नाइलाजानं आईकडं वळला. "आई, फोटू काढू का?"

"न्हाय," म्हातारी म्हणाली. तो शब्द तिनं अगदी स्वच्छ उच्चारला.

त्यानं फोटो काढला नाही. चार माणसांसमोर आईनं नकार दिलेला त्याला चालणार नव्हता आणि मोडताही येत नव्हता. त्या मुली महिनाभर आळीपाळीनं तिथं जात राहिल्या. जखम भरायला लागली होती. पुढं न्यूमोनिया होऊन म्हातारी गेली.

दशक्रियेला चालकानं माइक हातात घेतला. शेवटच्या दिवसांत आईची सेवा स्वतःच्या हातानं करायचं भाग्य आपल्याला लाभलं, असं तो भरल्या गळ्यानं सांगत होता. प्राचार्यबाईंनी डोळ्याला पदर लावला. मुली माझ्या शेजारी बसल्या होत्या. मी उठून बोलायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी मला त्याच्याच संस्थेत शिकवायला जायचं होतं, म्हणून मीही मान खाली घालून बसले.

एवढं मात्र केलं. सोमवारी बाईंच्या टेबलावर कागद ठेवला: निम्मे गुण यापुढं हातानं केलेल्या कामाला, आणि ती परीक्षा मी घेणार. त्या म्हणाल्या, "नियमात बसत नाही." मी म्हटलं, "मग सरांना विचारू, त्यांच्या आईच्या जखमेवर तुमच्या नोट्समधलीच पावडर होती आणि तुम्ही अंगणात होतात, तेही सांगून." बाईंनी न वाचताच सही केली. ती दोन गुणांची मुलगी आता भिगवणच्या एका दवाखान्यात कामाला आहे.