अनवाणी पायावर घातलेला चेंडू

१४ डिसेंबरची गोष्ट. हॉकीचा सामना संपल्यावर शाळेच्या नळावर माझ्या संघातल्या मुलींचे शिनगार्ड धूत बसले होते. राहात्याच्या मैदानावरची माती वेळीच काढली नाही तर पट्ट्यांत घट्ट बसते. मुली धुतो म्हणतात आणि नुसते ओले करतात, म्हणून हे काम मीच करते.

आम्ही जिंकलो होतो. एकच गोल, तोही पेनल्टी कॉर्नरवर. गोलासमोरच्या डीमध्ये, म्हणजे आखलेल्या अर्धगोलात, बचाव करणारीच्या पायाला चेंडू लागला की समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो. मी नोकरीच्या ठिकाणच्या संघातून खेळायचे तेव्हा आमचे निम्मे गोल असेच व्हायचे. वाट दिसेना, तर चेंडू समोरचीच्या पायावर घालायचा. कोणाला काही वाटत नसे. सगळ्यांच्या पायात चांगले बूट, नडग्यांवर गार्ड. तीच युक्ती मी माझ्या मुलींना घोटून शिकवली.

समोरच्या जामखेड संघातली बचाव करणारी पोरगी अनवाणी होती. बूट उसने, तेही लहान. मध्यंतरात तिने ते काढून टाकले. मी ते पाहिलं. पाहूनही बाहेरून ओरडले, "पाय! पाय!" माझ्या संघातल्या मुलीने चेंडू नेमका तिच्या अंगठ्यावर घातला. पोरगी खाली बसली, उठली, लंगडत गोलरेषेवर जाऊन उभी राहिली. त्याच कॉर्नरवर आम्ही गोल केला. मी टाळ्या वाजवल्या.

नळापाशी माझ्या मुली बूट झटकत होत्या.

"ए, पाय झाक. मॅडमना दिसला तर गेलीस."

"उद्या निवड चाचणीला मी गमबूट घालून येते बाई."

जिने चेंडू मारला ती हसली नाही. "मॅडम, तिच्या पायात बूट नव्हते. तरी मारायचा होता?"

"नियमात बसतं."

"ते माहितीय मला," ती म्हणाली आणि निघून गेली. धुतलेलाच गार्ड मी पुन्हा धुतला.

दुसऱ्या दिवशी याच मैदानावर जिल्हा संघाची निवड होती. जामखेडचा संघ शाळेतच मुक्कामी होता. त्या संध्याकाळीच मी त्यांच्याकडे गेले. पोरगी बादलीत पाय बुडवून बसली होती. अंगठा निळा पडलेला, पण हलत होता. त्यांचे सर उठून उभे राहिले. "मॅडम, तुमच्याकडून शिकन्यासारखं लई हाय." त्यांनी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

"तू अनवाणी आहेस हे मी पाहिलं होतं," मी तिला म्हटलं. "तरी मारायला लावलं. चुकलं माझं."

"हाकीत लागतंच की," ती म्हणाली. "पर उद्या खेळता यील का, तेवढं सांगा."

"बूट चढला तर."

"त्यो आधीच कुटं चढत हुता?"

सकाळी उठल्यावर माझ्या बुटाचा अंगठ्यावरचा भाग ब्लेडने कापला. माझे दोन्ही बूट तिच्या पायांत चढवले, कापलेल्या जागी स्पंज ठेवून चिकटपट्टी गुंडाळली, नडग्यांवर आमचे गार्ड बांधले. ती दोनदा पळून आली आणि मान हलवून मैदानात गेली.

मग माझ्या मुलींना सांगितलं, आज पायावर चेंडू घालायचा नाही.

"का मॅडम, नियम बदलला?"

"नाही," मी म्हटलं, आणि चपलेवरच मैदानाच्या कडेला जाऊन उभी राहिले.