अक्काचं शूटिंग

शिवाजीनगरच्या पोस्टात एक कानडी अक्का रोज नेमकी माझ्याच पुढं उभी असायची. ऑनलाइन विकलेल्या साड्या साध्या टपालानं धाडायची, पण प्रत्येक पार्सलचा काट्यावर, पत्त्यासकट व्हिडिओ काढायची. मी वैतागायचो.

"अक्का, लग्नाचं शूटिंग आहे का?"

"स्वल्प थांबा, अण्णा. गिऱ्हाईक साडी मिळाली नाही म्हणालं, तर दाखवणार काय?"

मी हसलो. मीही कुकरचे सुटे भाग असेच टपालानं विकायचो. मग एकदा माझ्याच गिऱ्हाइकानं कुकरचं झाकण मिळालंच नाही म्हणून सांगितलं. दाखवायला काहीच नव्हतं, म्हणून पदरचं दुसरं झाकण पाठवायला आलो. या वेळी ऐटीत व्हिडिओ काढला, अक्काला दाखवला. कॅमेरा उलटा लागलेला, सगळं माझंच थोबाड!

अक्का म्हणाली, "सरी, ठीक आहे. झाकणाचं देव जाणे, तुम्ही मात्र पोस्टात पोचलात."