मेलेल्या रोपांचे बिल्ले

आमच्या आत्याला स्वस्थ बसणं माहीतच नाही. जेवतानासुद्धा एक पाय दाराबाहेर. तपासणीच्या आठवड्यात तर तिनं माझं पार डोकं उठवलं.

आत्या रोपवाटिकेत मुकादम, मी तिच्या हाताखाली. तिशीत असताना वरच्या हुकमावरून खाडीकडेच्या टेकड्यांवर तिनंच परदेशी झाडं लावली होती. शंभरातली शंभर जगली, सत्कारही झाला. पुढं त्या झाडांखाली गवताचं पातं उगवेना, ओढा आटला, माती वाहून खाडीत गेली. तेव्हापासून ती झाडं काढून मूळची लावायचं तिनं डोक्यात घेतलं. "माझं मीच निस्तरणार," म्हणायची.

यंदा एका उताराची तपासणी होती. लावलेल्या शंभर रोपांना नंबराचे पत्र्याचे बिल्ले. सत्तर जिवंत हवीत, नाहीतर उतार पुन्हा परदेशी झाडं लावायला लाकूडवाल्यांकडे. आमची जगली बावन्न. चूक आत्याचीच. रोपांना मोकळीक हवी म्हणून तिनं एकही झुडूप ठेवलं नाही. आडोसा गेला, खारा वारा लागला, रोपं करपली. तिचा गुडघा धरला म्हणून साफ करायच्या राहिलेल्या कोपऱ्यात मात्र, झुडपांच्या आड, पाखरांनी टाकलेल्या बियांतून मूळची झाडं आपसूक उगवली होती.

"मेलेल्यांचे बिल्ले त्यांना बांध ना, कोणाला कळतंय?" मीच म्हणाले. आत्यानं मला वाट्टेल तसं झापलं. दुपारभर येरझारा घातल्या. मग गेली आणि चाळीस बिल्ले बांधून आली.

तपासणीच्या साहेबांनी मोजलं. ब्याण्णव. "बाई, कमाल केलीत," ते खूश होऊन म्हणाले. "आता खाडीपर्यंतचे सगळे उतार असेच साफ करून घेऊ. झुडूप दिसलं की उपटायचं."

आत्याचा चेहरा पडला. मी तिचा हात दाबला, पण ती ऐकते कुणाचं. कोपऱ्यात शिरली आणि एकेक बिल्ला सोडून साहेबांच्या हातात ठेवायला लागली.

"ही माझी नाहीत, साहेब. साफ केलं तिथली मेली. ही मी हात लावला नाही म्हणून जगलीत."

"अहो, पण मग उतार जाईल."

"जाऊ दे. बावन्न लिहा. आणि बाकीची कशानं मेली, तिथं 'साफसफाई' लिहा."

साहेबांनी आकडा खोडून ती म्हणाली तसं लिहिलं. आत्यानं त्यांना ते लिहिलेलं दोनदा वाचायला लावलं. मग उतार हातचा गेला म्हणून माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली.